उजवी कूस दुखते तेव्हा



आज आम्ही एका गळवाविषयी बोलणार आहोत. गळू म्हटले की आपल्याला मांडीवरचे नाही तर काखेतले गळू आठवते. ते डोळ्यांना दिसते. लाल होते, ठणकते, पिकते आणि फुटते. घरातली म्हातारी माणसे त्यावर पोटीस बांधतात. परंतु एक गळू असे आहे की ते वरून कोणाला दिसत नाही. ते बरगड्यांच्या आड, यकृतात होते.

यकृत म्हणजे आपण ज्याला काळीज म्हणतो ते. खाटकाच्या दुकानात कलेजी मिळते, ती बकऱ्याचे यकृतच असते. काळजाला घरे पडली असे म्हणताना माणूस डाव्या छातीवर हात ठेवतो. पण ते काळीज उजवीकडे आहे, बरे का! उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर हात ठेवा. तुमच्या हाताखाली बरगड्या, आणि बरगड्यांच्या आत यकृत. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. एवढा मोठा अवयव, पण निरोगी असताना तो आपल्या अस्तित्वाची जाणीवही होऊ देत नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीत शिरलो आणि हेडमास्तर होऊन बाहेर पडलो. आज जे सांगतो ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे. औषध कोणते आणि किती घ्यायचे हे त्यांनीच सांगायचे. परंतु दुखणे अंगावर कोणत्या खुणा उमटवते, हे घरच्या माणसाला कळायला हरकत नाही. रोगी आधी घरात असतो आणि मग दवाखान्यात जातो.

या गळवाचे कारण एक अतिशय बारीक जीव आहे. त्याला अमीबा म्हणतात. १८७५ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात लॉश नावाच्या डॉक्टरांना तो आमांशाच्या रोग्याच्या शौचात सूक्ष्मदर्शकातून दिसला. हा जीव बाहेर पडताना स्वतःभोवती कवच करून घेतो. असे साठ-सत्तर कवचबंद अमीबे एका ओळीत ठेवले तर त्यांची लांबी एक मिलिमीटर भरेल. एवढे लहान! शौचातून ते मातीत आणि पाण्यात जातात. ओल असेल तर तिथे कित्येक दिवस तग धरतात. मग पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातून ते दुसऱ्याच्या पोटात शिरतात. जठरातल्या आंबट रसालाही ते कवच दाद देत नाही. आतड्यात गेले की कवच उघडते आणि आतला जीव मोकळा होतो.

बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींना मुरडा होतो, आव-रक्त पडते. आणि थोड्या लोकांत हा अमीबा आतड्याची भिंत पोखरून रक्तात उतरतो. आतड्याचे रक्त आधी यकृताकडे जाते. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचे रक्त बरेचसे यकृताच्या उजव्या भागात जाते, आणि तो भागही डाव्यापेक्षा मोठा आहे. म्हणून दहांतली साधारण आठ गळवे उजव्या भागात होतात. अमीबा तिथे यकृताचा मांसल भाग विरघळवत जातो. आत पोकळी होते आणि तीत जो द्रव साठतो तो काकवीसारखा असतो. तसाच दाट आणि तांबूस तपकिरी. त्याला आपण पू म्हणतो, पण तो बहुतांशी विरघळलेल्या काळजाचाच असतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण इथेच लोक फसतात. हे गळू होते तेव्हा निम्म्याहून अधिक रोग्यांना जुलाब नसतात. मुरडा होऊन गेल्याला दोन-तीन महिने झालेले असतात. कधी तर तो झाल्याची आठवणही नसते. त्यामुळे माणूस म्हणतो, "माझे पोट तर साफ आहे. मला पोटाचा रोग कसा होईल?"

आमच्या रात्रीच्या वर्गात एक विणकर यायचे. वय असेल बत्तीस-तेहेतीस. यंत्रमागावर टॉवेल विणायचे. घरात बोलणे तेलुगू, पण मराठी वाचायला शिकायची फार हौस. त्यांचे नाव इथे सांगत नाही. एके दिवशी ते वर्गात वाकडे बसलेले दिसले. उजवा हात बरगडीवर धरलेला.

"काय झाले?" आम्ही विचारले.

"उसण भरली गुरुजी. माग ओढताना चमक निघाली."

यंत्रमागावर दहा-बारा तास उभे राहणाऱ्याला उसण भरणे काही नवे नाही. शेजाऱ्यांनी मलम चोळले. चार दिवसांनी ताप आला. संध्याकाळी थंडी वाजायची आणि पहाटे घामाने अंथरूण भिजायचे. कोणी म्हणाले हिवताप. कोणी म्हणाले गॅस. ओवा झाला, सोडा झाला, दुकानातल्या गोळ्या झाल्या. गावाकडचा एक जाणता तर पोटावर डाग द्यायला निघाला होता. त्यांच्या मंडळींनी त्याला दारातूनच परत पाठवले. त्या बाई विड्या वळतात. शाळेत गेल्या नाहीत, पण डोके फार शाबूत!

तीन आठवडे असे गेले. अन्न जाईना. विजार कमरेला दोरीने बांधावी लागली, इतके अंग उतरले. मग उजवा खांदा दुखायला लागला. "गुरुजी, खांद्याला काही लागलं नाही आणि खांदाच दुखतो," असे ते म्हणाले, तेव्हा आम्ही त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ज्या रीतीने तपासले ते आम्ही बाजूला उभे राहून पाहिले. ते तुम्हांला सविस्तर सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा मुख्य भाग तोच आहे.

पहिल्याने त्यांनी हात लावलाच नाही. रोगी दारातून कसा चालत येतो ते पाहिले. आमचे विणकर उजवीकडे किंचित झुकून, उजवी कूस हाताने सांभाळत, लहान पावले टाकत आले. खोकला आला तर तो दाबत होते. मग बाईंनी सदरा काढायला सांगितले आणि पायाशी उभ्या राहून छातीकडे बघितले. श्वास घेताना डावी बाजू चांगली वर येत होती. उजवी मात्र आखडल्यासारखी, थोडीच हलत होती. दुखऱ्या बाजूला शरीर आपण होऊन जपते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पिवळेपणा आहे का ते पाहिले. या गळवात कावीळ सर्वांना होत नाही, थोड्यांनाच होते. म्हणून डोळे पांढरे आहेत एवढ्यावर काळीज ठीक आहे असे समजू नये.

मग म्हणाल्या, "एका बोटाने दाखवा, सगळ्यांत जास्त कुठे दुखतं?"

त्यांनी उजव्या कुशीत, खालच्या बरगड्यांवर बोट ठेवले. बाईंनी त्यांना उताणे निजवले आणि गुडघे वर घ्यायला सांगितले. असे केल्याने पोट सैल पडते. आपले हात त्यांनी चोळून गरम केले. गार हात लागला की पोट आवळते, म्हणून. उजवी तळहाताची कड बेंबीच्या उजवीकडे, खालून वर अशी हळू नेत गेल्या. प्रत्येक वेळी म्हणत, "लांब श्वास घ्या." श्वास आत घेतला की यकृत खाली सरकते. निरोगी माणसात त्याची कड बरगडीखाली हाताला बहुधा लागत नाही, लागली तर जेमतेम. इथे ती बरगडीच्या खाली चांगली तीन बोटे आलेली होती. हात लागताच विणकरांचा श्वास अर्ध्यावर थांबला.

त्यानंतर ठोकून पाहणे. डावे मधले बोट छातीवर सपाट ठेवायचे आणि उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने त्यावर टिचकी मारायची. तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडाला कुंभाराकडे माठ घ्यायला जाता तेव्हा काय करता? बोटाने वाजवून बघता. रिकामा माठ एक आवाज देतो, भरलेला दुसरा. डॉक्टरांची ही युक्ती अशीच आली आहे. ऑस्ट्रिया देशात आउएनब्रुगर नावाचे डॉक्टर होते. त्यांचे वडील ग्रात्स गावचे खानावळवाले. मद्याचे पिंप किती भरले आहे ते ठोकून ओळखायची चाल त्या धंद्यात होती. मुलाने डॉक्टर झाल्यावर रोग्याची छाती ठोकून पाहिली आणि १७६१ साली त्यावर छोटेसे पुस्तक लिहिले. बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिसार यांनी १८०८ साली त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा जग ठोकायला शिकले. खानावळवाल्याच्या पोराने केवढे काम केले पहा!

तर छातीत हवा असते, म्हणून तिथे पोकळ आवाज येतो. यकृत भरीव, तिथे बद्द आवाज येतो. गळवाने यकृत वरच्या बाजूलाही फुगते आणि फुप्फुसाखालचा पडदा वर ढकलते. म्हणून उजवीकडे बद्द आवाज नेहमीपेक्षा वरच सुरू होतो. बाईंनी पेनाने एक रेघ वर ओढली आणि एक खाली. म्हणाल्या, "एवढं मोठं झालंय." मग नळी लावून पाठीकडून ऐकले. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी श्वासाचा आवाज कमी येत होता. फुप्फुसाला खालून जागाच उरली नव्हती.

आणि शेवटी ती एका बोटाची खूण. बाईंनी उजव्या कुशीत दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत एकच बोट ठेवले. एक खाच, दुसरी, तिसरी. प्रत्येक ठिकाणी थोडे दाबून त्या रोग्याच्या तोंडाकडे बघत होत्या, बोटाकडे नव्हे. चौथ्या खाचेत दाबल्याबरोबर "अम्मा!" म्हणून विणकरांनी त्यांचा हातच धरला. तिथली कातडी किंचित सुजलेली होती. बोट उचलल्यावर क्षणभर खळगा राहिला. बाई आम्हांला म्हणाल्या, "उसण असती तर स्नायूवर कुठेही दुखलं असतं. हे बरगड्यांमधल्या एकाच ठिकाणी नेमकं दुखतंय. गळू बहुतेक त्याच्याच खाली आहे."

सोनोग्राफी झाली. त्याच जागी नऊ सेंटिमीटरचे गळू निघाले. आम्ही मनात म्हटले, यंत्राने फोटो काढला, पण पत्ता बोटाने दिला होता.

खांदा का दुखत होता, हे आम्ही बाईंना विचारले. त्यांनी सांगितले ते मोठे गमतीचे आहे. पोट आणि छाती यांच्यामध्ये जो मांसाचा पडदा आहे, त्याची नस थेट मानेतून खाली येते. खांद्याच्या कातडीच्या नसाही मानेच्या त्याच भागातून निघतात. पडद्याला खालून गळवाची आच लागली की मेंदूला वाटते, हाक खांद्यावरूनच आली. एका तारेवर दोन घरांच्या घंटा बसवल्यासारखे झाले. म्हणून ताप आहे, उजवी कूस दुखते आणि खांदाही दुखतो, असे जो सांगेल त्याच्या खांद्याला मलम चोळत बसू नका.

अशा दुखण्याशी घोटाळा होणारी दुसरीही दुखणी आहेत. हिवतापातही थंडी वाजून ताप येतो, पण रक्त तपासले की कळते. पित्ताशयात खडे असतील तर तेलकट जेवणानंतर कळ येते. उजव्या फुप्फुसाच्या तळाला सूज आली तरी त्याच जागी दुखते. हे निवडणे डॉक्टरांचे काम. आपले काम इतकेच की आठ-आठ दिवस ताप आणि उजव्या कुशीत दुखणे हे एकत्र असेल तर घरी वाट पाहू नये.

आणि कूस चोळू नये, तुडवून घेऊ नये, डाग देऊ नये. आत पुवाची पिशवी आहे. ती फुटली तर अनर्थ. पोटात फुटली तर पोट एकाएकी फळीसारखे टणक होते आणि माणूस गळून जातो. छातीत फुटली तर धाप लागते. कधी फुप्फुसातून वाट काढते आणि खोकल्यावाटे काकवीच्या रंगाचा बेडका पडू लागतो. गळू डाव्या भागात असले तर छातीच्या मधल्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या खळगीत फुगवटा येतो. ते हृदयाच्या वेष्टनात फुटू शकते, म्हणून ते अधिक घातक. यांतले काहीही दिसले तर रात्र आहे, पाळी आहे, उद्या पगार आहे, असले काही बघायचे नाही. तडक मोठा दवाखाना. आपल्या सोलापुरात १९६३ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयाला सारे गाव सिव्हिल म्हणून ओळखते.

हे दुखणे नवे नाही. शरीराच्या आत विद्रधी कोठे कोठे होतो हे सुश्रुताने सांगितले आहे, आणि त्या जागांत यकृत आहे. पूर्वी पोट कापून गळू उघडत, आणि पुष्कळ रोगी दगावत. १९१२ साली कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटिन नावाचे औषध टोचून अमीबाच्या आमांशावर उपाय दाखवला. ते एका झाडाच्या मुळीतून काढलेले. गुण येई, पण हृदयावर ताण पडे. १९६६ सालापासून मेट्रोनिडाझोल या रोगावर वापरू लागले आणि काम पुष्कळ सोपे झाले.

आमच्या विणकरांना तेच औषध दिले. शिवाय गळू मोठे होते म्हणून सोनोग्राफीत बघत बघत सुईने ते उपसले. साडेतीनशे मिलिलिटर निघाले. छोटे गळू नुसत्या औषधानेही बरे होते, प्रत्येकाला सुई लागत नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशी त्यांनी भात मागितला आणि त्यांच्या मंडळी बाहेर ओसरीत जाऊन रडल्या. तीन आठवडे घर त्यांच्या एकटीच्या विड्यांवर चालले होते. माग बंद म्हणजे मजुरी बंद.

औषधाबद्दल दोन गोष्टी. मेट्रोनिडाझोल चालू असताना तोंडाला धातूसारखी चव येते, लघवीचा रंग गडद होऊ शकतो. घाबरून गोळ्या सोडू नयेत. पण त्या दिवसांत दारू अजिबात घ्यायची नाही. दुसरी गोष्ट अशी की ताप गेला, दुखणे गेले, तरी आतड्यात काही अमीबे दडून राहतात. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध देतात. पुष्कळ लोक ते घेतच नाहीत. बरे वाटले की चिठ्ठी खिशात राहते आणि सदऱ्याबरोबर धुतली जाते. असे झाले की गळू पुन्हा होण्याची भीती असते, आणि घरात दुसऱ्याला देण्याचीही.

हे गळू बायकांपेक्षा पुरुषांना कितीतरी जास्त होते. दहा रोग्यांत आठ-नऊ पुरुष, तेही कामाच्या वयाचे. दारू पिणाऱ्यांत ते अधिक आढळते. शिंदीचे म्हणाल तर ती कोणी उकळून पीत नाही. तीत पाणी मिसळले असेल तर ते कुठल्या हौदातले, हे विकणाराच जाणे. "शिंदी थंड असते, काळजाला बरी," असे आम्हांला ऐकवणारे महाभाग भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. पण त्यांच्या बायकांनी हे ऐकून ठेवावे.

आता पाणी. सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे दोन, तीन, चार दिवसांआड पाणी भरलेले आहे. उजनीचे असो, टाकळीचे असो, की हिप्परग्याचे. धरण भरले तरी नळ रोज येईलच असे नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. यात एक धोका आहे. पाणी बंद असते तेव्हा जमिनीतला नळ रिकामा असतो. आत दाब नसतो. जवळून गटार वाहत असेल आणि नळाला चीर असेल तर घाण आत झिरपते. पाणी सुटले की पहिल्या लोंढ्याबरोबर ती आपल्या घागरीत येते. म्हणून नळ आला की पहिले पाणी पिण्यासाठी धरू नये. ते मोरी धुवायला, झाडांना वापरावे. भांड्यांच्या रांगेत पहिली घागर आपली लागावी म्हणून भांडणारे आम्ही पाहिले आहेत. त्या घागरीत काय येते ते त्यांना सांगा.

साधारण प्रमाणात टाकलेल्या क्लोरीनने अमीबाचे कवच मरत नाही. उकळल्याने मरते. पाण्याला चांगली खळखळून उकळी येऊ द्यावी आणि त्याच भांड्यात झाकून निववावे. तीन-चार दिवस साठवायचे असेल तर पिण्याच्या रांजणात हात बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला बसण्याआधी साबणाने हात धुवावेत. नखांत माती राहते, तिथे विशेष.

त्या विणकरांची आता काय हकीकत, असे मघाशी मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले. ते मागावर परत गेले. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर आत अजून लहानशी पोकळी दिसली. कागद वाचता येत होता, म्हणून तेच घाबरून आमच्याकडे आले. डॉक्टरीणबाईंनी समजावले की ताप नाही, दुखत नाही, वजन वाढते आहे, तर या डागाची चिंता करू नका. काळीज भरून यायला सहा महिने, कधी वर्षही लागते. पुन्हा थंडी-ताप आला तरच या.

आता ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी पुढे या. आणि ज्यांच्या घरी कोणाला असे दुखणे चालू आहे त्यांनी प्रश्न विचारत थांबू नका, आधी घरी जा. दवाखान्याची बाह्यरुग्णाची चिठ्ठी सकाळी लवकर काढावी लागते.